मृत्यूचे ठिकाण

चांगदेव गेला तेव्हा त्याचं डोकं बायकोच्या, गोदूच्या खांद्यावर होतं. तिला वाटलं, झोपलाय. मुंबईच्या इस्पितळात छाती दाखवून दोघं भाऊच्या धक्क्यावरून दुपारच्या लाँचने परत येत होती. पहाटे उठलेला माणूस, डोळा लागणारच. रेवसची जेट्टी आली, माणसं सामान घेऊन उतरली, पण चांगदेव उठेना. खलाशांनी उचलून उतरवला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि कागदावर लिहून दिलं, आणण्यापूर्वीच मृत.

दिवसकार्य आटोपलं. गोदू रडली नाही. ऊठ म्हटलं की उठायची, खा म्हटलं की दोन घास खायची. वीस वर्षं तिने मिठागरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. मिठागर बंद पडल्यावर वालाच्या शेंगा, वांगी विकली. कचेरीचं तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं. ती कामं चांगदेवची.

आता जमिनीला वारस लावायचे तर मृत्यूचा दाखला हवा होता. मुलगा परेश ट्रेलर घेऊन इंदूरला गेलेला. एकवीस दिवसांच्या आत नोंद करायला हवी, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून अठराव्या दिवशी गोदू एकटीच गावच्या ग्रामपंचायतीत गेली.

तिथला कारकून म्हणाला, "काकी, माणूस आपल्या गावचा, पण गावात वारला नाही ना. जिथे वारला तिथे नोंद होते."

"ते तर लाँचीत गेले."

"मग रेवसला विचारा."

दुसऱ्या दिवशी ती रिक्षाने रेवसला गेली. ग्रामसेविका विनिता मॅडम तिशीतल्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कागद लावून घेतले, फॉर्म भरायला घेतला आणि एका रकान्याशी थांबल्या.

"मावशी, मृत्यूचं ठिकाण काय लिहू? नक्की कुठे गेले?"

गोदू म्हणाली, "मना ठाव न्हाय, बाय. मी बाजूलाच होते."

"शेवटचं कधी बोलले?"

"धक्का सुटून बराच वेळ झालेला. मना म्हणाले, रेवस आलं का? मी बोलले, न्हाय अजून, निजा तुम्ही." गोदू टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत होती. "निजले. मंग बोलले न्हायत. मी पदरानं त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवलेलं. हात भरून आला, तरी हलवला न्हाय. जाग येल म्हणून."

हे तिने परेशलाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी, तशा आवाजात तिने ते सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तालुक्याला फोन लावला, थोडा वेळ ऐकून घेतलं.

"चालत्या वाहनात कुणी गेलं, मावशी, तर ते वाहन पुढे जिथे पहिल्यांदा थांबेल, तिथे नोंद करायची. लाँच मधे कुठे थांबली नव्हती ना?"

"न्हाय."

"मग रेवसच. इथेच नोंद करते."

गोदूने मान हलवली. दाखवलं तिथे अंगठा दिला. मॅडम म्हणाल्या, "इथे बसा जरा, पाणी घ्या." ती बसली. पाणी प्यायली. दुपारी दाखल्याच्या तीन प्रती मिळाल्या. नाव, तारीख बरोबर आहे ना, हे मॅडमनी वाचून दाखवलं. गोदू सगळ्याला व्हय म्हणाली.

परेश रात्री आला. आई दाखला घेऊन आली यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने तो दोनदा वाचला.

"मीच जाणार होतो, आई. एकटी कशाला गेलीस?"

"उद्या तलाठ्याकडं जा," गोदू म्हणाली.

"जेवलीस?"

तिला आठवेना. परेशने भात गरम केला, वर बोंबलाचं कालवण वाढलं. ती ताटातलं सगळं जेवली. मग रिकामं ताट पुढे सरकवून म्हणाली, "आजून वाढ."