हार घातलेलं मशीन

खंडेनवमीला कारंज्यातल्या माझ्या सेंटरमधले सगळे कॉम्प्युटर बंद करून पुजले. दसऱ्यानंतर चालू केले, तर इंटरनेट कुठेच नाही आणि दारात परीक्षेचा अर्ज भरायला पोरांची गर्दी.

आसेगावहून दुरुस्तीवाल्या बाई आल्या. ज्या लिनक्स मशीनमधून बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरना इंटरनेट जातं, त्याच्यावरचा हार त्यांनी अलगद उचलला आणि ताप बघावा तसा डब्यावर तळहात ठेवला. थोडा वेळ कीबोर्ड बडवून म्हणाल्या, "याले सोताले नेट येऊन राह्यलं, पन दुसऱ्याले देऊन नाई राह्यलं. सेटिंग सेव्हच नोती केली, बंद केल्यावर गेली."

सगळं सुरू झाल्यावर त्यांनी हार परत घातला, हात जोडले.

"भाऊ, पुढच्या साली चालू मशीनचीच पूजा करा. देवाले चालते."

यंदा तसंच केलं. मशीनच्या पंख्याच्या वाऱ्यानं हारातला झेंडू हलत होता, आणि आरती संपायच्या आत एका पोरीचा अर्जही पोचला.