शेवटच्या गाडीचा पांढरा ताणा

आमच्या तालुक्यातल्या काही हौशी मंडळींना हल्ली छोट्या गाडीचा, म्हणजे जुन्या नॅरोगेज रेल्वेचा, फार उमाळा आला आहे. व्हॉट्सॲपवर रोज तिचा एक जुना फोटो येतो. धुराचा हा मोठा लोट, आणि खाली लिहिलेलं, 'गेले ते दिवस'. गेले ते बरंच झालं. मी त्याच धुराखाली वाढले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मोठ्या स्टेशनापासून जंगलाच्या काठापर्यंत ती लाइन होती. जंगलाकडून लाकूड, बांबू आणि तांदूळ यायचा, तिकडे मीठ, सूत आणि माणसं जायची. लाइन टाकली तेव्हा आमचा विणकर मोहल्ला खूश होता म्हणे. सुताची गाठोडी दाराशी येणार होती. पहिल्या इंजिनाला मोहल्ल्याने नवं कोरं धोतर बांधलं होतं, आणि ते विणलं होतं माझ्या आजोबांनी. हौसेला मोल नाही.

आमचं घर रुळांना लागून. माझे वडील, बाबूजी, पांढरी धोतरं विणायचे आणि अड्याळच्या बाजारात त्यांच्या पांढऱ्याला नाव होतं. विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, भाताची खळ द्यावी लागते. सकाळी गल्लीभर बांबूंवर ताणा पसरायचा, एका बाजूने बाबूजी, दुसऱ्या बाजूने मी, दोघांच्या हातात कुंचे. हे काम कोवळ्या उन्हातच होतं. ऊन चढलं की खळ कडक होते आणि सूत तुटतं. आणि नेमकी तेव्हाच गाडी यायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की फायरमन भट्टीत फावड्याने कोळसा ओतायचा. काळा लोट उठायचा आणि काजळी ओल्या खळीवर येऊन बसायची. झटकली तर पसरायची. वरून कापड झाकावं तर तेच चिकटायचं. आम्ही कुंचे धरून नुसते बघत राहायचो. मला त्या इंजिनाला दगड मारावासा वाटायचा. एकदा मारलाही. लागला नाही.

एकदा ड्रायव्हर स्टेशनात इंजिनात पाणी भरत होता, तेव्हा बाबूजी मला घेऊन त्याच्याकडे गेले.

"साहेब, मोहल्ल्यापाशी कोळसा नोका टाकत जाऊ. मांगं टाका, नाही तं समोर टाका."

"भाऊ, थे इंजिन आहे, घरची चूल नाही," ड्रायव्हर म्हणाला. "तिथं चढ आहे. कोळसा टाकाच लागते. धूर का माह्या हातात आहे?"

चढ! पावसाचं पाणी आमच्या गल्लीसमोर दिवसचे दिवस साचून राहायचं, त्याला कुठे जायला उतार मिळायचा नाही. आणि याला तिथे चढ दिसत होता.

स्टेशनातल्या बाबूला बाबूजींनी डागाळलेलं धोतर दाखवलं. त्याने ते दोन बोटांत धरलं आणि म्हणाला, "हे तं मागाच्या तेलाचे डाग आहेत." हळूहळू मोहल्लाही हसायला लागला. बाकीच्यांची घरं आतल्या अंगाला, त्यांचं काय जात होतं! "याच्या हातानं होत नाही, अन् गाडीले नाव ठेवते," असं आमच्या तोंडावर म्हणायचे. अड्याळच्या व्यापाऱ्याने धोतरं परत केली. शेवटी बाबूजींनी पांढरं सोडलं आणि काळपट लुगडी विणायला घेतली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. डाग गाडीचाच आहे, एवढं कुणीतरी एकाने म्हणावं, इतकंच त्यांना हवं होतं.

पुढे साकोलीकडून ट्रक यायला लागले, एस.टी. दारापर्यंत आली. गाडीचे डबे कमी होत गेले, मग दिवसाआड एकच फेरी राहिली. मला जराही वाईट वाटलं नाही. एक दिवस कळलं, आता शेवटची गाडी. आमच्या गल्लीलगतच्या फाटकावर उभे राहून पुढारी तिच्यावर फुलं उधळणार होते.

त्या दिवसासाठी बाबूजींनी कितीतरी वर्षांनी पांढरं सूत काढलं.

"आजच कायले?" आई म्हणाली. "उद्यापासून तं गाडीच नाही."

"उद्या कोण येते पाहाले?" बाबूजी म्हणाले. "आज सारे उभे राहतीन. त्याइच्या डोळ्यासमोर पडू दे काजळी."

सकाळी आम्ही ताणा पसरून खळ दिली. फाटकावर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. शिट्टी झाली. मी मनात म्हणत होते, टाक, टाक आता कोळसा. फायरमन फावडं टेकून उभा होता. ड्रायव्हर तोच होता, पण त्याने वाफ मागेच बंद केली होती. धुरांड्यातून काळं असं काही निघतच नव्हतं. गाडी आपल्या वेगावर, मुकाट, गल्लीसमोरून घरंगळत गेली. चढ कुठे गेला देव जाणे. ड्रायव्हर पुढाऱ्यांकडे बघून हात जोडत होता.

बाबूजी ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून बघत गेले. एक ठिपका नव्हता.

"पाहा, भाऊ! पडलं का काही?" फाटकावरून शेजारी ओरडला. "उगाच बोंबलत होते इतके साल!" लोक हसले.

बाबूजी मला एवढंच म्हणाले, "येत होतं वो बाई त्याले. इतके साल येत होतं."

त्या ड्रायव्हरला मी अजून माफ केलेलं नाही. तो कधीच वारला असेल, तरी नाही. त्याला खरंच येत नसतं तर सोडून दिलं असतं. पुढाऱ्यांच्या सदऱ्यांसाठी जे जमलं, ते आमच्या ताण्यासाठी त्याने एकदाही जमवलं नाही.

बाबूजींनी ते धोतर विणलं. नेसले नाहीत, विकलंही नाही. परवा हौशी मंडळींचा फोन आला, जुन्या स्टेशनात छोट्या गाडीच्या आठवणी मांडतोय, काही वस्तू असली तर द्या. मी धोतर पाठवलं, सोबत सगळी हकीकत लिहून. चार दिवसांनी त्यांच्यातले एक सर ते परत घेऊन आले.

"ताई, धोतर सुंदर आहे," ते म्हणाले, "पण यात रेल्वेचं काही दिसत नाही. कुठे एखादा काजळीचा डाग असता तर लोकांना पटलं असतं."

बाबूजी गेले तरी पुरावा अजून आमच्याकडेच मागतात. मी धोतर त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि चहासुद्धा विचारला नाही.