व्यवस्थापनाचे मास्तर

नेव्हिल गॅदरकोलला आयुष्यात एकही गोष्ट धड चालवता आली नाही, आणि म्हणूनच की काय, ऑस्ट्रेलियातल्या मिरानूक गावच्या सरकारी शाळेत बारावीला 'व्यवसाय व्यवस्थापन' हा विषय तीस वर्षं तोच शिकवत होता. मुळात तो कवायतीचा मास्तर. फुटबॉलच्या मैदानावर गुडघा गेला, त्याच सुमाराला मेलबर्नहून हा विषय शाळेत आला, आणि तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्याच्या हातात पुस्तक ठेवून सांगितलं, की खुर्चीत बसून शिकवण्यासारखं आहे, बघ. नेव्हिलने बघितलं. वर्गाच्या एक धडा पुढे राहिलं की माणूस तज्ज्ञ होतो, हे त्याला पहिल्याच सत्रात उमगलं.

त्या पुस्तकात साहेबलोकांचे पाच प्रकार दिले होते. एक हुकूम सोडणारा, एक गळी उतरवणारा, एक सल्ला घेणारा, एक सगळ्यांना सामील करून घेणारा आणि एक मोकाट सोडणारा. झालं. त्यानंतर गावातलं एक माणूस या पाच खोक्यांतून सुटलं नाही. केस किती ठेवू असं विचारतो म्हणून न्हावी सल्ला घेणारा, फुटबॉलचा कोच हुकूम सोडणारा, पाद्री गळी उतरवणारा. पबमध्ये बिअरचा ग्लास हातात आला की त्याची ही टकळी सुरू व्हायची आणि शेजारी बसलेले मेंढ्यांवाले एकेक करून डार्ट खेळायला उठायचे. त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, एकदा विचारलं, "आणि तू रे कुठल्या खोक्यातला?" नेव्हिल म्हणाला, परिस्थितीप्रमाणे बदलतो. "म्हणजे कुठल्याच नाही," असं म्हणून ग्लेनिसने टीव्हीचा आवाज वाढवला.

स्वतःचा धंदा म्हणून त्याने एकदाच करून पाहिला. लोकांच्या अंगणातलं गवत कापून द्यायचं. पण यंत्र आणण्याआधी त्याने जाडजूड आराखडा लिहायला घेतला. ध्येय काय, धोरण काय, स्पर्धक कोण, काही म्हणून सोडलं नाही. आराखडा पुरा होईपर्यंत दुष्काळ पडला आणि गावात कापायला गवतच उरलं नाही. एखाद्याने तो आराखडा गुपचूप जाळून टाकला असता. नेव्हिल तो दरवर्षी वर्गात वाटायचा, उत्तम नियोजनाचा नमुना म्हणून.

हुशार मुलं त्याच्या विषयाकडे फिरकत नसत. बोर्ड शेवटी सोप्या विषयांचे गुण खाली ओढतं आणि अवघड विषयांचे वर चढवतं, हे तिथल्या आईबापांना पोरांच्या वाढदिवसांइतकं पाठ असतं. केमिस्टची बायको तर दुकानात औषधाची पुडी देता देता सांगायची, की ज्यांना कुठेच जायचं नाही त्या मुलांची तिथे सोय होते. खरं म्हणजे तिचं काही चुकत नव्हतं. दुसरीकडे कुठे डाळ शिजली नाही अशी मुलं नेव्हिलकडे यायची, आणि तेवढ्यावर वर्ग भरायचा.

पण या वर्षी शाळेत नवी मुख्याध्यापिका आली, तामसिन प्राउस. कधीकाळी ती नेव्हिलच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिने जुलैत सगळ्या शिक्षकांना सांगून टाकलं, की ज्या विषयाला डझनभर तरी मुलं मिळणार नाहीत तो पुढच्या वर्षी चालणार नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नेव्हिलने मात्र बोटांवर आपली मुलं मोजली. बारावीचा तो वर्ग होता म्हणून गावात त्याला कोणी मास्तर म्हणत होतं. तो गेला की उरणार होता एक लंगडणारा कवायतवाला, आठवीच्या पोरांच्या उनाडक्यांवर लक्ष ठेवायला.

ऑगस्टमध्ये, तिथल्या ऐन थंडीत, शाळेच्या सभागृहात विषय निवडायची संध्याकाळ असते. प्रत्येक विषयाचं एक टेबल, मागे शिक्षक, आणि समोरून आईबाप मुलांना घेऊन बाजारात फिरावं तसे फिरतात. नेव्हिलने ठरवलं, या वेळी नुसतं बोलायचं नाही, व्यवस्थापन करून दाखवायचं. दाराबाहेर त्याचे विद्यार्थी सॉसेज भाजून पावात घालून देणार. सॉसेजच्या वासाला तिथे कोण भुलत नाही? एवढी एक कल्पना त्याला बरी सुचली होती, पण ती सुचल्यावर तो गप्प बसता तर ना!

त्याने सगळ्यांना सामील करून घेतलं. वर्गात आठ मुलं. आठहीजणांना व्यवस्थापक केलं. जाहिरात व्यवस्थापक, खरेदी व्यवस्थापक, उत्पादन व्यवस्थापक, मनुष्यबळ व्यवस्थापक. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला. मनुष्यबळ कुठून आणायचं हे कुणी विचारलं नाही. तीन आठवडे बैठका झाल्या, बैठकांमध्ये पुढच्या बैठकीच्या तारखा ठरल्या, आणि ती संध्याकाळ आली तेव्हा सॉसेज होती, पाव होता, कांदा चिरलेला होता, सॉसच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि गॅसची टाकी रिकामी होती.

नेव्हिलने खालच्या आवाजात विचारलं, टाकी कुणी भरून आणायची होती. इमोजेन नावाची मुलगी, वर्गातली त्यातल्या त्यात चुणचुणीत, म्हणाली, "सर, माझ्याकडे जाहिरात आहे."

उत्पादनवाला म्हणाला, टाकी खरेदीत येते. खरेदीवाला म्हणाला, टाकी शाळेची आहे, विकत कशाला घ्यायची? तोवर अंगात शिरणाऱ्या थंडीत हातात कागदी रुमाल धरून रांग उभी. नेव्हिलने एकदम हुकूम सोडणाऱ्या साहेबाचा अवतार धारण केला आणि इमोजेनला टाकी आणायला पिटाळलं. गॅसच्या टाक्या मिळायच्या तो पेट्रोल पंप सहालाच बंद झाला होता. आत पाककलेच्या बाई स्कोन नावाचे छोटे गरम पाव, वर जॅम आणि साय घालून वाटत होत्या. रांगेला ते कळायला वेळ लागला नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे राहिले; त्यांनी पावात कच्चा कांदा घालून घेतला, आभार मानले आणि तेही आत गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेव्हिलने फळ्यावर लिहिलं, 'ग्राहकांचं समाधान: कमी', आणि त्यावर तासभर चर्चा घेतली. लाज वाटायची ती मुलांना वाटली. त्याच्या यादीत पाच नावं आली, आणि त्यातल्या एकाच्या आईने नंतर फोन करून पोराचं नाव मानसशास्त्रात हलवलं.

पुढच्या आठवड्यात तामसिनने त्याला खोलीत बोलावलं. सकाळी दाढी करताना त्याने आरशासमोर भाषणाची तयारी केली होती. तीस वर्षं या शाळेला दिली, या गुडघ्यावर उभं राहून दिली, तू आज त्या खुर्चीत आहेस ती कुणामुळे, वगैरे. आरशातला माणूस चांगलाच चिडलेला दिसत होता. खोलीत तामसिनने स्वतः चहा ओतून दिला. इतकी वर्षं ती त्याला मिस्टर गॅदरकोल म्हणत आली होती. आता तिने पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

"नेव्हिल, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं. पुढच्या वर्षी तुमचा वर्ग चालणार नाही. का, ते सगळं तुमच्यापुढे ठेवते."

तिने ठेवलं. काही लपवलं नाही. नेव्हिल भाषणाला सुरुवात करणार, तोच त्याला हे ओळखीचं वाटलं. बदलाला विरोध करणाऱ्या माणसाला कसं वळवावं, हा त्याचा आवडता धडा. पहिला उपाय, मोकळेपणाने बोलणं. ती बोलली होती.

त्या चार मुलांना मेलबर्नच्या कोणी बाई पडद्यावरून शिकवणार होत्या, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात. सोबत कोणी मोठं माणूस बसायला हवं. ते नेव्हिलने बसावं, असं ती म्हणाली. वेळ, जागा, मांडणी सगळं तोच ठरवेल, ती मध्ये पडणार नाही. दुसरा उपाय, अधिकार देणं. नेव्हिल खुर्चीत पुढे सरकला. मग ती म्हणाली, की त्याला हे जड जाईल हे तिला कळतं, आणि बोलावंसं वाटलं तर समुपदेशक बाई बुधवारी असतात. तिसरा, आधार. माणसाचं नाक कापलं जात होतं आणि हा कापणारीच्या हाताची सफाई बघत होता. आरशासमोरचं भाषण त्याच्या डोक्यातून साफ उडालं.

तामसिन थांबली. त्याला राहवेना.

"आणि आमिष?"

"काय?"

"चौथा उपाय, तामसिन. तो लिहिला नाहीस तर गुण जातात."

तिचे कान लाल झाले. तिने समोरचे कागद उगाच सारखे केले आणि खाली बघत म्हणाली, "शुक्रवारी दुपारनंतर तुम्हाला सुट्टी."

"मग पूर्ण गुण," नेव्हिल म्हणाला. उठून त्याने तिचा हात हातात घेतला आणि चहाबद्दल आभारही मानले.

घरी ग्लेनिस चॉप्स तळत होती. त्याने जसं घडलं तसं सांगितलं. ती तळायचं थांबली.

"भांडलास तरी का?"

"भांडायला जागाच ठेवली नाही तिने. एकही पायरी चुकली नाही. पुस्तकात आहे तसंच."

"आणि ते पुस्तक तिला कुणी शिकवलं?"

"मीच की," नेव्हिल म्हणाला. "इतकी वर्षं शिकवतोय, ग्लेनिस, पण कुणाच्या कामी आलेलं आज पहिल्यांदा पाहिलं."

हे तो चक्क अभिमानाने म्हणाला. मग जेवायला बसला, आणि पहिल्या घासाआधी त्याने ग्लेनिसला विचारलं, शुक्रवारी दुपारनंतर माणसं करतात तरी काय.