ताई जंकमध्ये

छापखानेवाल्याला स्वस्थ बसणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सकाळी शटर वर केलं की आधी संगणक, मग नको त्या मेलचा, जंकचा फोल्डर, आणि काही न बघता सगळं साफ! "लॉटरी काय, कर्ज काय, टकलावर केस काय! मेल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय," असं करवादल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

याच तावात त्याने सख्ख्या ताईलाही जंकमध्ये ढकललं होतं. रोज फुलांची चित्रं, रोज 'हे दहा जणांना पाठवा', आणि वर फोन, "बघितलंस का रे?" हा खुशाल थाप मारायचा, "हो गं, छान होतं."

हल्ली मात्र ताईचा फोन येत नव्हता. तिचा घसा बसलाय, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने फोन केला तर पलीकडून नुसती खरखर. बरी असेल ना? यंत्रावर कागद लावता लावता मध्येच त्याचे हात थांबत.

त्या दिवशी जंक साफ व्हायच्या आधीच एक गिऱ्हाईक तणतणत आलं. "मजकूर कालच पाठवलाय. जंकमध्ये बघा की जरा!"

त्याने बघितलं. मजकूर होता, आणि त्याच्याखाली ताईचा मेल.

"आवाज गेलाय म्हणून लिहितेय. इतके मेल केले, तुझं एक उत्तर नाही. आज आपल्या नेहमीच्या दवाखान्यात घशाचं ऑपरेशन आहे. तुला नसेल जमत तर राहू दे. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी मीच करते."

इतके मेल! ते सगळे त्याने स्वतःच्या हाताने साफ केले होते. गिऱ्हाइकाला तिथेच सोडून तो धावत सुटला.

दवाखान्यात ताईला बाहेर आणेपर्यंत तो येरझाऱ्या घालत होता. "त्यांना अजिबात बोलू देऊ नका," नर्सने बजावलं. त्याने स्टूल ओढून तिच्या उशाशी घेतलं.

बऱ्याच वेळाने ताईने उशाजवळचा मोबाईल घेतला, हळूहळू काहीतरी लिहिलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा मोबाईल वाजलाच नाही.

बघ की, तिने खूण केली.

आता लपवणार कुठे? तिच्या डोळ्यांदेखत त्याने जंक उघडलं. टकलावरच्या केसांच्या जाहिरातीच्या वर ताई होती: 'आलास?'

ताईने सगळं पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मग सलाईन नसलेला हात उचलून तिने त्याचा कान धरला, लहानपणी धरायची तसाच, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.