सोमवारी हसायचं नाही

आमच्या हॉस्टेलच्या नियमांचा फलक पत्र्याचा होता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, एकूण अठरा नियम. संध्याकाळी सातला फाटक बंद. केस मोकळे सोडायचे नाहीत. गॅलरीत उभं राहून रस्त्याकडे बघायचं नाही. कोल्हापुरात शिकायला आलेल्या आम्ही खेड्यापाड्यातल्या चाळीस मुली हे सगळं मुकाट पाळायचो. मला त्याचा जाच वाटायचा नाही. घरी याहून जास्त नियम होते, फक्त ते कुठे लिहिलेले नव्हते.

माझं घर हुपरीत. वडील घरातच चांदीचे पैंजण करायचे. मला बी.एस्सी.ला पाठवताना त्यांनी एकच अट घातली होती. "रेक्टरबाईंची एक चिठ्ठी जरी आली, तरी पेटी उचलायची आन् गाडी धरायची." कागलचं एक स्थळ आत्यानं हेरूनच ठेवलं होतं. वडील बोललेलं करणारे होते. म्हणून पहिली दोन वर्षं मी चिठ्ठी येणार नाही अशा बेतानं काढली.

तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटुकलं लिहायला घेतलं. एक काल्पनिक शहर. तिथल्या माणसांना नियमांची इतकी सवय झालेली, की ते कुणी घातले आणि कशासाठी, हे विचारायचंही कुणाला सुचत नाही. त्या शहराचे नियम रंगमंचावर मागे टांगायचे होते. मोठ्या पांढऱ्या कागदावर मी ते काळ्या शाईत लिहून काढले. वर नुसतं ‘नियम’. खाली सात ओळी. चपलांची टोकं भिंतीकडे असावीत. पंगतीत उजवीकडच्या व्यक्तीनं पहिला घास घेतल्याशिवाय आपण घेऊ नये. सोमवारी हसू नये. असंच पुढं.

शाई ओली होती. खोलीतली माझी मैत्रीण शिरोळची, हाताला चपळ आणि तोंडानं फटकळ. तिनं तो कागद वाळायला म्हणून खोल्यांपुढच्या बोळातल्या सूचनाफलकावर लावला, कारण टाचण्या तिथंच होत्या. ती शुक्रवारची संध्याकाळ. शनिवारी सकाळी ती शिरोळला गेली, मी हुपरीला. कागद दोघींच्याही डोक्यातून गेला.

सोमवारी सकाळी स्टँडवर भेटून आम्ही बरोबरच परत आलो. बोळात प्रत्येक खोलीबाहेर चपलांचे जोड भिंतीकडे तोंड करून उभे होते, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मेसमध्ये पंगत बसली होती. ताटात पोहे होते आणि कुणी खात नव्हतं. उजव्या टोकाची मुलगी पाणी आणायला गेली होती.

"मयत झालंय काय गं कुणी?" मैत्रिणीनं विचारलं.

पहिल्या वर्षाची एक मुलगी हळूच म्हणाली, "आज सोमवार हाय न्हवं? हसायचं न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"बोर्डावर लावलंय की."

"आन् हसण्यासारखं कारण असलं तर?"

"त्येचं काय लिवलं न्हाय. आमीबी त्येच म्हणत होतो."

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं आणि ती जी हसत सुटली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. पहिल्या वर्षाची मुलगी उठली आणि रेक्टरबाईंना सांगायला गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. नियम मोडलेला दिसला तर कळवायचं, हा पत्र्यावरचा सतरावा नियम होता.

मैत्रिणीला ऑफिसात बोलावणं आलं. ती माझं नाव सांगणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी गप्प बसले तर चिठ्ठी शिरोळला जाणार, बोलले तर हुपरीला. मी तिच्या मागोमाग गेले. ऑफिसच्या दाराशी चपला काढताना शेजारी रेक्टरबाईंचा काळ्या पट्ट्यांचा जोड दिसला. त्याचीही टोकं भिंतीकडे होती.

बाई निवृत्तीला आलेल्या, बोलायला मोजक्या. समोर लेटरपॅड उघडं होतं.

"आज हसलीस म्हणे."

"व्हय बाई. आलं हसू."

"नियम वाचला नव्हतास?"

"बाई, तो नियम खरा नाही," मी म्हणाले. "मी नाटकासाठी लिहिलाय. कागद वाळायला लावला होता."

बाई म्हणाल्या, "मला वाटलं, संस्थेच्या ऑफिसातून आलाय."

"नाही बाई."

"सातही?"

"सातही."

त्यांनी माझ्या वडिलांचं नाव आणि पत्ता विचारला. मी सांगितला. ‘आपल्या मुलीने’ एवढं लिहून त्यांचं पेन थांबलं. मी खोटे नियम लावले, एवढं वाचून वडील गप्प बसले नसते. मग ते पाळले कुणी, हे त्यांनी एस.टी.नं येऊन विचारलं असतं. तेवढ्यात मैत्रिणीची नजर दाराबाहेरच्या चपलांकडं गेली. बाईंनी ती नजर पाहिली. त्यांनी पॅडवरचं पान फाडलं आणि बारीक घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"मुलींना सांगा, जेवा आपापलं. हसायचं तर हसा. नाटक दुसरं बसवा." आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाल्या, "चपलांचं राहू दे. बोळ बरा दिसतो."

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "वाचलीस बघ. न्हायतर कागलात भाकऱ्या थापत बसली असतीस."

"आणि तुझं काय झालं असतं?"

"माझं काय? मी तर हसून मोकळी."

नाटकाऐवजी आम्ही एक नाच बसवला. तो वाईट झाला. मी बी.एस्सी. झाले, पुढं एम.एस्सी.ही झाले, आणि आता एका दुधाच्या डेअरीत प्रयोगशाळेचं काम बघते. मैत्रीण शिरोळातच आहे. अजून एखाद्या सोमवारी तिचा फोन येतो. "आज हसायचं न्हाय," एवढं बोलून ती हसत सुटते. कामाच्या गडबडीत असले तरी तो फोन मी उचलते.

यंदा भाचीला त्याच हॉस्टेलमध्ये प्रवेश घ्यायला घेऊन गेले. पत्र्याच्या जागी आता फ्लेक्स आहे. अठरा नियम तसेच आहेत आणि खाली एकोणिसावा. चपलांची टोकं भिंतीकडे असावीत. शब्द माझेच. ‘असावीत’सुद्धा.

"का पण?" भाचीनं नव्या रेक्टरना विचारलं. "भिंतीकडंच का?"

"पहिल्यापासून आहे," त्या म्हणाल्या.

भाची आपल्या चपला पायातून निसटल्या तशा टाकून आत गेली. मी माझ्या काढल्या, भिंतीकडं वळवल्या. मग तिच्याही वळवायला वाकले होते, पण राहू दिल्या आणि तिच्या मागं आत गेले.