सात मिनिटांचा कॉम्प्युटर

चालणाऱ्या वस्तूबद्दल कुणी काही सांगत नाही. आमच्या फ्रीजबद्दल माझ्याकडं एकसुद्धा किस्सा नाही, कारण तो मुकाट चालतो. पण मी आणि संत्यानं जोडलेला कॉम्प्युटर गेम लावला की सातव्या मिनिटाला बंद पडायचा, आणि घोडेगावातल्या आमच्या आळीत जो तो येऊन त्याच्यावर इलाज सांगून जायचा. आमच्याकडच्या मोठ्या माणसांना 'मला माहीत नाही' हे तीन शब्द येत नाहीत. मग किस्से साठणारच.

संत्या शेजारचा. त्यांच्या घरी अजून मेंढरं आहेत. पुण्यातून जुने पार्ट आणून आम्ही दोघांनी तो डबा आमच्या पडवीत उभा केला. गाणी लावा, टायपिंग करा, दिवसभर चालायचा. गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला की संपलं. ऐन वळणावर स्क्रीन काळी.

मी तेव्हा इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलो होतो. रिपेअरिंगचं दुकान टाकायचं डोक्यात होतं. आण्णांनी, म्हणजे वडलांनी, अट घातली. "तुझा सोताचा कॉम्प्युटर गेम लावून एक तास चालवून दाखव. न्हाईतर दिवाळी झाली की मामाबरोबर भोसरीला, कंपनीत." मामाला निरोपही धाडून मोकळे. माझं सगळं मला न विचारता ठरवायचं ही त्यांची जुनी सवय. कॉलेजही त्यांनीच ठरवलं होतं.

* * *

पहिले आले रिटायर्ड गुरुजी. खुर्चीत बसले, चहा मागवला, कॉम्प्युटरकडं न बघताच निदान केलं.

"बाकी सगळं चालतं, फक्त गेमला बंद पडतो. मग गेमच काढून टाक."

मी म्हणालो, "गुरुजी, पोरगं गणितात नापास होतंय म्हणून गणितच काढून टाकायचं का?"

"गणित कशाला? पोरगं काढायचं. तुझ्या कॉलेजनं तेच केलं की."

मला काढलं नव्हतं, मी सोडलं होतं. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांना कोंबडा केलं, त्याला हा फरक काय समजावणार? संत्या मात्र तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. नंतर कितीतरी दिवस मला 'गणित' म्हणूनच हाक मारायचा.

* * *

मग संत्याचे वडील, तात्या. त्यांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, "बाहेर गार, आत गरम. आजारी पडंल न्हाय तर काय."

दुसऱ्या दिवशी उठून बघतो, तर कॉम्प्युटर घोंगडी पांघरून बसलेला. नवी कोरी, काळी, जाड घोंगडी. तात्यांनी पहाटेच येऊन घातलेली. त्या दिवशी तो चौथ्या मिनिटाला गेला.

मी घोंगडी काढायला लागलो तर आण्णा ओरडले, "राहू दे. एवढ्या मायेनं आणलीय त्यांनी."

मी बारा दिवस घोंगडीशी भांडलो. मी काढायचो, तात्या घालायचे. शेवटी संत्यानं बापाला सांगितलं की कॉम्प्युटरला लोकरीची खाज सुटते. ते तात्यांना पटलं.

* * *

डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या. वायरमन म्हणाला, अर्थिंग कोरडं पडलंय, रोज पाणी घाला. अर्थिंग म्हणजे घरामागं पुरलेली पट्टी, मीठ आणि कोळसा भरलेला खड्डा. आईनं ते काम अंगावर घेतलं. अंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला, तांब्याभर अर्थिंगला.

आठवड्यानं मुंग्या थांबल्या. गेम तरीही बंदच पडत होता. पण आईला रोज ओल्या केसांनी तिथं पाणी घालताना बघून आळीतल्या बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. एक दिवस खड्ड्याजवळ हळद-कुंकू. दुसऱ्या दिवशी झेंडू, वर तांब्याभर पाणी.

मी आईला म्हणालो, "सांग त्यांना. तो देव नाही, अर्थिंग आहे."

आई म्हणाली, "असू दे. पाणी घालत्यात ना? मला एक खेप कमी."

* * *

शेवटी डबा मांडीवर घेऊन एसटीनं मंचरला गेलो. कळंबपासून पुढं एक म्हातारा सारखा विचारत होता, यात कोंबड्या आहेत का. दुकानदारानं झाकण उघडलं, टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्यावर मजेत गेम खेळला. एकदाही बंद पडला नाही.

"याला काय झालेलं न्हाय. दोष तुमच्या घरात हाय," तो म्हणाला.

हे मी घरी सांगायलाच नको होतं. आण्णांनी ताबडतोब टेबल ओढून तोंड पूर्वेला केलं. गेम लावला, आणि डबा वीस मिनिटं चालला. आण्णा गल्लीभर सांगत फिरले, "पोरगं इंजिनिअरिंग करून आलं, पण दिशा मलाच कळली."

दिशेनं काही झालं नव्हतं. टेबल पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हातून बाजूला आलं होतं, एवढंच. म्हणजे डबा तापून बंद पडत होता; मंचरला झाकण उघडं होतं म्हणून चालला. ती खिडकी तात्यांच्या वाड्यावर उघडते. तिथं मेंढरं कातरतात. हे डोक्यात आलं तसा मी पहिल्यांदाच प्रोसेसरवरचा पंखा स्क्रू काढून उचलला. लाज वाटते सांगायला. दोन महिने पार्ट बदलत बसलो, तो एक पंखा उचलला नव्हता. त्याच्याखाली लोकरीची चांगली बोटभर जाड गादी बसली होती.

संत्यानं ती चिमटीत धरून उजेडात बघितली. "राव, आमच्या बापानं घोंगडी उगाच आणली. एक आतच तयार होत व्हती."

तो आमचा शेवटचा हसण्याचा दिवस. पुढच्या सोमवारी संत्या चाकणला कंपनीत लागला. आता फोन केला तर 'शिफ्टला हाय' एवढंच म्हणतो. पंख्याखाली लावायची पेस्ट पुण्यातून येईपर्यंत तो गेला होता, त्यामुळं साफ केलेल्या पंख्याचा आवाज कसा येतो, हेही त्यानं ऐकलं नाही. त्याच्याइतकं वाईट कुणी गाडी चालवत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय शर्यत लावायला मला अजून नको वाटतं.

* * *

दिवाळी झाली. रविवारी सकाळी मामा मोटरसायकल घेऊन आला. माझी बॅग आण्णांनी आधीच भरून दारात ठेवली होती.

मी गेम लावला. आण्णा म्हणाले, "सरक. तू बसलास तर कायतरी लबाडी करशील." आणि स्वतः बसले.

या माणसानं आयुष्यात फक्त कांद्याचा पिकअप चालवलाय. तो लाल रेसिंग गाडीही तशीच चालवायला लागला. डाव्या बाजूनं. वळण आलं की हॉर्न. मागून गाड्या सूं सूं निघून जात होत्या, आण्णा त्यांना "जा बाबा, जा" म्हणत होते. शर्यत संपली, आण्णा शेवटचे आले. मी पुन्हा लावून दिली. मी एक हात डब्यावर ठेवून बसलो होतो. सात मिनिटं गेली. वीस गेली. डबा कोमट, पंखा एका सुरात. चहा आला, गार झाला. गेममध्ये डोंगराचा रस्ता लागला आणि आण्णा पुढं वाकले.

मामानं घड्याळ बघितलं. "दाजी, तास होऊन वर धा मिनिटं झाली. आता सांगा, पोरगं न्यायचं का न्हाय?"

आण्णांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"पावणं," ते म्हणाले, "घाटात ड्रायव्हरशी बोलू नये."