जिभेखालची गोळी

इस्तारी ढिवराची अफू पुढं सुटली, पण बायकोसमोर त्याची मान कधी वर झाली नाही.

अफू सुटावी म्हणून तळ्यापलीकडचे वैद्य त्याला रोज आधीपेक्षा लहान गोळी देत. सत्तावन साली तापाची साथ आली. गावानं कडुनिंबाचं तोरण लावून शीव बांधली. कोणी जायचं नाही, यायचं नाही. इस्तारी तळमळू लागला, तशी त्याची बायको कुंता लपत शीव ओलांडून गोळी घेऊन आली. त्यानं ती जिभेखाली धरली न धरली, तोच दोघांना चावडीवर बोलावणं आलं.

“काऊन वं कुंता, शीव काऊन ओलांडली?” पाटलांनी विचारलं.

कुंतानं नवऱ्याकडं पाहिलं.

“माह्यासाठीच गेली होती,” एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं असतं, तर गोळी खाली पडली असती.